शंभरचं पेट्रोल

माझ्या सासूबाईंना, म्हणजे सुमनबाईंना, एखादा प्रश्न पडला नाही असा दिवस मला आठवत नाही. मिक्सर बिघडला की दुरुस्तीला जाण्याआधी तो त्यांच्या मांडीवर उघडा पडतो. लिफ्टमध्ये त्या वर बघत उभ्या राहतात, कारण तो दोर कुठून जातो हे त्यांना अजून कुणी नीट सांगितलेलं नाही. पोटात गेलेल्या गोळीला गुडघ्याचा पत्ता कसा सापडतो, हेही त्यांनी डॉक्टरांना विचारून झालंय. मी पडले उतावळी. मला काम उरकायचं असतं, त्यांना ते समजून घ्यायचं असतं. आमचं दोघींचं एका घरात कसं निभतं, हा प्रश्न मात्र त्यांना कधी पडलेला नाही.

तर या बाईंना गाडी लागते. एसटीत बसवा, रिक्षात बसवा, माझ्या भावाच्या नव्याकोऱ्या एसी गाडीत बसवा, नाशिक सोडून ओझर यायच्या आत पिशवी पुढे करावी लागते. अपवाद फक्त आमच्या घरच्या गाडीचा. लाल रंगाची, छोटी, कार्बोरेटरच्या जमान्यातली. सासरे, म्हणजे सहादूबाबा, सातपूरला एका कारखान्यात फिटर होते. त्यांनी ती घेतली तेव्हाच ती जुनी होती. तिचा पत्रा वाजतो, काच वर करताना हाताने आधार द्यावा लागतो, पण आई (सासूबाईंना मी आईच म्हणते) तिच्यात खिडकीशी बसून नामपूरपर्यंत शेंगा खात जातात. नामपूरला त्यांची थोरली बहीण राहते, लंकाबाई. ती आता अंथरुणातून उठत नाही, आणि आईंना तिला भेटायला जायचं तर या गाडीशिवाय दुसरा मार्ग नाही.

बाबांची एक खोड सगळ्या नात्यात प्रसिद्ध होती. त्यांनी टाकी कधी फुल केली नाही. पिंपळगावला शंभरचं, सोग्रस फाट्याला शंभरचं, देवळ्याला पुन्हा शंभरचं. "एकदाच भरायला काय होतं हो? चिंगूस कुठले!" आई सगळ्यांदेखत म्हणायच्या. लंकाबाई तर त्यांना नावाने हाकच मारत नसे, "शंभरवाले" म्हणायची. बाबा नुसते हसायचे.

दोन वर्षांपूर्वी बाबा गेले आणि गाडी माझ्याकडे आली. माझ्या नवऱ्याला, संघर्षला, तिच्यात काडीचा रस नाही. मी पहिलं काम केलं ते टाकी काठोकाठ भरून घेतली. पंपावर रांगा लावत बसायला मला वेळ कुठे आहे? आणि त्याच फेरीत, देवळ्याच्या अलीकडच्या घाटात, गाडीने दोन-चार आचके दिले आणि ती बंद पडली.

मी बॉनेट उघडून आत बघत राहिले. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण रस्त्यात उभं राहून निदान तेवढं तरी करावंच लागतं. कांद्याचा ट्रॅक्टर घेऊन चाललेले एक काका थांबले. "पेट्रोल शे ना टाकीमा?" त्यांनी विचारलं आणि माझ्या उत्तराची वाट न बघता मागे जाऊन खात्री करून आले. मग म्हणाले, मारा चावी. मी चावी मारली आणि गाडी चालू झाली. काका हसले, मी आभार मानले, आणि आम्ही नामपूर गाठलं.

नाशकात आल्यावर मी गाडी सोमनाथ मिस्त्रींकडे नेली. सातपूरला पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं गॅरेज आहे, बाबांची त्यांच्याशी जुनी ओळख. त्यांनी कार्बोरेटर साफ केला, प्लग बदलले, पेट्रोलचा फिल्टर आणि पंप नवा टाकला. गावात दोनदा फिरवून आणली. "एकदम ओके आहे ताई," ते म्हणाले. हात सैल झालाच होता म्हणून मी भंगारातून एका मोठ्या गाडीचं जाडजूड सीट आणून आईंच्या बाजूला बसवून घेतलं, पुढचे दिवेही बदलले. गाडी अगदी नवरीसारखी सजली. पुढच्या फेरीला पुन्हा टाकी भरली आणि पुन्हा त्याच घाटात बंद पडली. या वेळी कुणी थांबलं नाही. आम्ही अर्धा तास वैतागून बसून राहिलो आणि मग ती आपली आपण चालू झाली.

संघर्षचा आता संयम सुटला. "अजून एकदा बंद पडली तर मी भंगारवाल्याला बोलावणार. मी बोलून ठेवलंय त्याच्याशी," तो म्हणाला. तो चुकीचं बोलत होता असंही नाही. घाटात दोन बायका अडकून पडतात ही काही गंमत नव्हे. त्याच संध्याकाळी लंकाबाईचा फोन आला, "माले भेटाले कधी येशी?" आणि आई फोन ठेवून खूप वेळ खिडकीतून खाली उभ्या असलेल्या गाडीकडे बघत राहिल्या. मला त्यांचा जीव तुटताना दिसत होता.

म्हणून आम्ही तिसऱ्यांदा निघालो. टाकी फुल. घाट आला. गाडी बंद.

मला रडू कोसळायचं बाकी होतं. मी फोन काढला. संघर्षला सांगावंच लागणार होतं. आई मात्र शांतपणे उतरल्या, रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्यावर बसल्या आणि शेंगा सोलायला लागल्या.

"सृष्टी, त्या ट्रॅक्टरवाल्याने तेव्हा काय केलं होतं गं?"

"काही नाही केलं, आई. नुसते बघून गेले."

"कुठे बघितलं?"

"पेट्रोल आहे का ते."

"म्हणजे पुढे तू होतीस, आणि तो मागे गेला. त्याने झाकण उघडलं आणि गाडी चालू झाली. मिस्त्रीने पण सगळं पुढचंच बघितलं. मागे कोणी बघितलं?"

"टाकी काठोकाठ भरलीये आई, मी आत्ताच भरली!" माझा आवाज चढला.

"असू दे. मला बघायचंय."

त्यांच्या "मला बघायचंय"पुढे माझं आजवर काही चाललेलं नाही. मी झाकण फिरवलं. ते निघेना. जोर लावला तसं सुटलं, आणि फुस्सकन असा लांब आवाज झाला की मी हात मागे घेतला. हवा बाहेर येत नव्हती, आत जात होती.

आईंचे डोळे चमकले. "अगं, तेलाचा डबा! एकच भोक पाडलं तर तेल पडत नाही, अडतं. हवा जायला दुसरं पाडावं लागतं. पेट्रोल खाली जातंय, पण वरून हवाच जात नाहीये. आणि टाकी काठोकाठ भरली की आत हवेला जागाच नाही, म्हणून लवकर अडतं. मार चावी."

गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. मी सोमनाथ मिस्त्रींना फोन लावला. "झाकणाला आतल्या बाजूने बारीक भोक असतं, बुजलंय का बघा," ते म्हणाले. आम्ही झाकण उलटं केलं. भोकाच्या जागी एम-सील लावलेलं होतं, कधीचं सुकून दगड झालेलं, आणि त्यावर अंगठा दाबल्याची खूण होती. रुंद अंगठा, मधोमध आडवा व्रण. बाबांना कारखान्यात पत्रा लागून झालेला तो व्रण आम्ही दोघीही ओळखत होतो.

आईंनी झाकण हातात घेतलं. मग सावकाश बोलायला लागल्या.

"गाडी घेतली तेव्हा पहिल्याच दिवशी मला उलट्या झाल्या. पेट्रोलचा वास यायचा आत. मी सांगून टाकलं, मी काही या गाडीत बसणार नाही. दुसऱ्या दिवशी हे मागच्या बाजूला काहीतरी करत बसले होते. म्हणाले, आता येऊन बघ. वास गेलेला. मी विचारलं काय केलं, तर म्हणे जादू." त्यांनी झाकणावर बोट फिरवलं. "पंपावर हे स्वतः उतरून झाकण उघडायचे. कान लावून उभे राहायचे. मी म्हणायचे, काय ऐकताय एवढं? तर म्हणे, गाडी काय म्हणते ते."

मलाही आता कळलं होतं.

"शंभरचं पेट्रोल टाकायला थांबत नव्हते गं ते. हवा द्यायला थांबत होते. नुसतं झाकण उघडलं असतं तर मी विचारलं असतं, का म्हणून. मग मीच म्हणाले असते, काढा ते, मी सोसेन वास." आणि भर घाटात, शेंगांची पिशवी मांडीवर धरून, माझ्या सासूबाई हुंदके देऊन रडल्या. बाबा गेले तेव्हा आलेल्या-गेलेल्यांना चहा विचारणारी ही बाई. तेव्हासुद्धा मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. मी त्यांना जवळ घेतलं आणि मीही रडले.

आम्ही वाटेत झाकण उघडत नामपूरला पोचलो. लंकाबाईने गाडीचा आवाज ओळखला आणि पडल्या पडल्या सवयीने विचारलं, "कोठे शेतस शंभरवाला?" मग तिला आठवलं आणि ती ओशाळली. आईंनी तिच्या हातात ते झाकण दिलं आणि सगळं सांगितलं. दोघी म्हाताऱ्या आळीपाळीने त्या खुणेवर स्वतःचा अंगठा ठेवून बघत होत्या. दोघींचाही त्यात पुरत नव्हता.

संघर्षने सगळं ऐकलं आणि भंगारवाल्याला नको म्हणून कळवलं. सोमनाथ मिस्त्रींनी नव्या तऱ्हेचं झाकण आणून दिलं. ते हवा आत घेतं पण वास बाहेर सोडत नाही, आणि किंमत आईंच्या शेंगांच्या खर्चापेक्षा थोडीच जास्त. असं झाकण बाबांच्या वेळी मिळत होतं का, मिळत असेल तर त्यांनी का आणलं नाही, हे आईंनी मिस्त्रींना तीनदा विचारलं. ते मिस्त्रींना कसं ठाऊक असणार?

पुढच्या फेरीला टाकी भरलेली होती आणि गाडी घाट सरसर चढून गेली. देवळ्याचा पंप दिसला तशा आई म्हणाल्या, "घे आत."

"आता गरज नाही, आई."

"घे. शंभरचं टाकू."

मी गाडी आत घेतली. त्या स्वतः उतरल्या, मागे गेल्या, नवं झाकण फिरवून काढलं आणि वाकून कान लावला. काही आवाज झाला नाही. पंपावरची मुलगी पाइप हातात धरून त्यांच्याकडे बघत उभी राहिली.

"काय म्हणतेय गाडी?" मी विचारलं.

"काही नाही म्हणत." त्या तशाच वाकून राहिल्या, आणि मग माझ्याशी नव्हे, त्या टाकीशी बोलल्या, "अहो, मी चिंगूस म्हणत होते, तेव्हा तरी सांगायचं होतंत."