टेलरबाईंचा ट्रक डोंगर चढतो

टेलरबाईंच्या हातात कात्रीऐवजी पान्हा दिसला, त्या दिवशी गल्लीतल्या निम्म्या लोकांनी शिवायला टाकलेले कपडे परत मागायचं मनात आणलं होतं. मागितले मात्र कुणीच नाहीत. बाईंच्या दुकानाच्या दारात उभं राहून असं काही बोलायची कुणाची छाती नव्हती.

ट्रक आला तो स्वतःच्या पायांनी नाही, दुसऱ्या ट्रकच्या पाठीवर बसून. एका रोपवाटिकावाल्यानं धंदा आवरायला काढला होता. त्याच्या घराचे सगळे पडदे बाईंनी शिवून दिले आणि बदल्यात त्याच्या गोदामामागे कुजत पडलेला हा जुना, चारही चाकांना जोर देणारा छोटा ट्रक मागून घेतला. मागच्या हौद्यात वर्षानुवर्षं कुंड्या ठेवल्यामुळे मातीचा थर साचला होता, आणि त्यात मिरचीचं एक रोप चांगलं तरारून वर आलं होतं. अख्ख्या ट्रकमध्ये जिवंत म्हणावं असं तेवढंच.

बाईंचे यजमान मोटार चालवायला शिकवत. शिकवणीच्या गाडीत त्यांच्या पायाशी एक जादा ब्रेक असे, आणि तो दाबून दाबून त्यांचा उजवा पाय आपोआप चालायला लागला होता. जेवताना, टीव्ही बघताना, झोपेतसुद्धा. गल्ली त्यांना ब्रेकसर म्हणायची, तोंडावरसुद्धा. ब्रेकसर चहाचा कप घेऊन अंगणात आले आणि ट्रकभोवती एक चक्कर मारली.

"हे काय आणलंस?"

"ट्रक."

"ते दिसतंय मला. चालतो का?"

"नाही. पण चालेल. डोंगर चढतो म्हणे हा."

"आधी फाटकातून आत तरी चढू दे त्याला."

डोंगराचं नाव काढल्यावर ब्रेकसर जास्त काही बोलले नाहीत, कारण आतल्या खोलीत त्यांच्या सासूबाई होत्या आणि त्यांचे कान अजून तिखट होते.

बाईंच्या आईचं घर डोंगरावरच्या वस्तीत. पायथ्यापर्यंत चांगला रस्ता. पुढे नुसता दगडगोट्यांचा चढ आणि अंगावर येणारी वळणं. साधी गाडी तिथे जात नाही. गेल्या हिवाळ्यात म्हातारी अंगणात घसरली, कंबर दुखावली, आणि वस्तीतल्या चौघांनी तिला खुर्चीत बसवून, खुर्ची खांद्यावर घेऊन खाली आणलं. कंबर बरी झाली. डॉक्टर म्हणाले, घरात हिंडाफिरा, स्वयंपाक करा, पण तो चढ पायी चढायचा नाही. मग कुणीतरी शहाणपणानं सुचवलं, की जशा आणल्या तशाच खुर्चीतून वर नेऊ. म्हातारीनं त्याच्याकडे असं काही बघितलं, की त्यानं हातातलं बिस्कीट परत ताटलीत ठेवलं.

"चौघांच्या खांद्यावर माणसानं एकदाच बसायचं असतं," म्हातारी म्हणाली. "माझी ती पाळी जिवंतपणी फुकट गेली. आता बसेन ती शेवटचीच. वर जाईन तर गाडीत बसून, दारापर्यंत."

तेव्हापासून तिची पत्र्याची ट्रंक पलंगाच्या पायथ्याशी बांधून तयार असे. कपाटात जागा करून दिली तरी कपडे कपाटात जात नसत. एक जोड काढायचा, वापरायचा, धुऊन घडी घालून परत ट्रंकेत. पाहुण्यासारखं वागणं अगदी. लेकीच्या घरात बसून लेकीला म्हणायची, "तुमच्याकडे पाणी बरं येतं हो." ते 'तुमच्याकडे' बाईंना फार लागायचं.

म्हणून ट्रक.

आता, गाडी दुरुस्त करायला लोक आधी पुस्तक वाचतात, नाहीतर मेकॅनिक गाठतात. बाईंनी दोन्ही केलं, पण काम केलं ते शिंप्याच्याच रीतीनं. आधी माप, मग कागद, मग कच्चा टाका, मग ट्रायल, आणि सगळ्यात शेवटी पक्की शिलाई. ट्रकचा तळ गंजून जाळी झाला होता. बाईंनी गळ्यातली टेप काढून मापं घेतली, वर्तमानपत्राचे तुकडे कापले आणि ते नव्या पत्र्यावर पाटीच्या खडूनं आखून वेल्डरच्या पुढ्यात ठेवले.

वेल्डर पत्रा कापून बसवायला गेला तर तो चारी बाजूंनी जादा.

"बाई, माप चुकलं."

"चुकलं नाही. शिलाईसाठी कड सोडलीय."

वेल्डरनं चष्मा कपाळावर सरकवला. "हा पत्रा आहे हो, झगा नाही. मी हे दुमडून कुठं शिवू?"

त्यानंतर कड सोडणं बंद झालं, पण दोरा चालूच राहिला. बसवलेल्या प्रत्येक बोल्टाला बाई दोऱ्याचा तुकडा गुंडाळायच्या. पांढरा दोरा म्हणजे अजून कच्चं, हातानं फिरवून ठेवलेलं. ट्रायल झाली, पान्ह्यानं पक्कं आवळलं, की पांढरा निघायचा आणि लाल यायचा. काही महिने तो ट्रक लांबून बघणाऱ्याला नवस फेडायला काढल्यासारखा दिसायचा. येणारे-जाणारे विचारायचे, "काय बाई, आज किती लाल?" बाई तोंडातल्या टाचण्या न काढताच हसायच्या.

दुकानाला सुट्टी असेल तो दिवस ट्रकचा. त्या एका दिवसात कधी एक बोल्ट सुटायचा, कधी तोही नाही. इंजिन उतरलं, साफ झालं, परत चढलं. खिळखिळ्या स्प्रिंगांच्या जागी उंच, दमदार स्प्रिंगा आल्या. मोठे खाचांचे टायर आले. ब्रेकसर ओट्यावर खुर्ची टाकून लांबून चुका काढायचे, आणि मनातून त्यांची खात्री होती की हे प्रकरण एक दिवस भंगारात जाणार. पण मागच्या चाकांचे ब्रेक उघडले आणि त्यांना राहवेना. ब्रेकच्या पट्ट्या झिजून कागद झाल्या होत्या. अशी गाडी आपल्या अंगणात उभी आहे, या विचारानं त्यांचा उजवा पाय जमीन दाबायला लागला.

"सरक," ते म्हणाले. "ब्रेक मी बघणार."

"हात काळे होतील."

"होऊ देत. चढणारी गाडी कुणीही बनवेल, थांबणारी बनवायला अक्कल लागते."

त्यांनी ब्रेकचे पाइप बदलले, पुढच्या चाकांना नवे डिस्क ब्रेक बसवले, आणि प्रत्येक जोडाला न सांगता लाल दोरा बांधला. बाईंनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. इतक्या वर्षांच्या संसारात कुठे बोलायचं नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

सगळ्यात अवघड काम पुढच्या आसाचं. आसाच्या मधोमध दात्यांच्या चाकांचा एक जड गोळा असतो. इंजिनाचा जोर तो डाव्या-उजव्या चाकांना वाटून देतो. बाईंनी तो काढला, जुन्या चादरीवर मांडून एकेक चकती धुतली, झिजलेली बदलली, आणि वेल्डरच्या मदतीनं परत बसवला. बोल्टांची भोकं गपकन जुळली. बाईंना इतका आनंद झाला, की त्या दिवशी त्यांनी ट्रायल न घेताच लाल दोरे बांधून टाकले.

ट्रक सुरू झाला. गल्लीतून फिरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग बंद पडलेल्या वीटभट्टीमागच्या खडीच्या चढावर खरी परीक्षा ठरली, आणि निम्मी गल्ली काम टाकून तिकडे लोटली. बाई चालवायला, शेजारी म्हातारी, कारण तिनं हट्ट धरला होता.

चढाच्या पायथ्याशी बाईंनी चारही चाकं जोडणारा छोटा दांडा ओढला आणि क्लच सोडला. ट्रक थरथरला, कण्हला, आणि जागच्या जागी खडी उडवायला लागला. वर जाईना, खाली येईना. पुढून धूळ, मागून धूळ. अर्ध्या चाकापर्यंत रुतला. लॉन्ड्रीवाला म्हणाला, "बाईंनी विहीर खणायचं मशीन केलंय." लोक पोट धरून हसले. ब्रेकसर हसले नाहीत. त्यांना इतके दिवस जे म्हणायचं होतं ते म्हणायची वेळ आली होती, पण ते दोर शोधायला निघाले.

दोर लावून ट्रक घरी ओढून आणला. संध्याकाळी म्हातारीनं कमरेची किल्ली काढून ट्रंकेवर ठेवली.

"तुझा चुलतभाऊ घर मागतोय वर," ती लेकीला म्हणाली. "कधीचा मागतोय. घर असं मिटून राहिलं की वाळवी धरते. पुढच्या खेपेला गाडी चढली तर बरंच झालं. नाही चढली तर ही किल्ली त्याला देऊन टाक. आणि मग मला कपाटातली ती जागा दाखव, कुठली म्हणालीस ती."

रडली असती तर बाईंना सोपं गेलं असतं. म्हातारी अगदी साध्या आवाजात बोलली होती, भाजी निवडताना बोलावं तसं.

पुढचे कितीतरी दिवस बाई आणि वेल्डर इंजिनात डोकं घालून बसले. आवाज ऐकला, तेल बदललं, क्लच तपासला. सगळं ठणठणीत. शेवटी ब्रेकसर म्हणाले, "चारी चाकं उचलून ठोकळ्यांवर ठेवा आणि गिअर टाकून बघा. उभ्या गाडीत कळत नसेल तर चालत्या गाडीत बघावं."

ठोकळे लावले. बाई आत, वेल्डर पुढे वाकलेला, ब्रेकसर मागे वाकलेले. इंजिन गुरगुरलं. ज्यानं त्यानं आपल्या समोरचं चाक बघितलं आणि "फिरतंय, मस्त फिरतंय," म्हणून सांगितलं. म्हातारी मात्र बाजूला खुर्चीत बसली होती, आणि तिला दोन्ही चाकं एकदम दिसत होती.

"ए, थांबा जरा," ती म्हणाली. "मागची चाकं माझ्या घराकडे निघालीत. पुढची कुठं चाललीत? ती तर तुमच्या लॉन्ड्रीवाल्याकडे चालली आहेत."

सगळे येऊन तिच्या खुर्चीशेजारी उभे राहिले. खरंच. मागची पुढे, पुढची मागे.

बाईंनी हातातलं फडकं तोंडावर धरलं. आयुष्यभर त्या कपडा उलट्या बाजूनं शिवत आल्या होत्या. टाके वर, सुलटी बाजू आत. शेवटी उलटवला की झालं. गोळाही त्यांनी चादरीवर तसाच मांडला होता, उलटी बाजू वर करून, आणि तसाच उचलून आसात बसवला होता. भोकं दोन्हीकडून सारखी, त्यामुळे तक्रार करायला काही उरलंच नाही. कपडा शेवटी उलटवता येतो. हे लोखंड घातलं तसंच राहतं.

"मग त्या दिवशी गल्लीतून कसा फिरला?" वेल्डरनं विचारलं.

"तेव्हा नुसती मागची चाकं जोर लावत होती," ब्रेकसर म्हणाले. "पुढची आपली सोबतीला. चारही जोडली की भांडण." आणि मग बायकोकडे न बघता म्हणाले, "ऊठ. गोळा जड आहे, दोघांना मिळूनच उतरवावा लागेल."

या वेळी लाल दोरा ट्रायलनंतरच बांधला. ठोकळ्यांवर चारी चाकं एकाच दिशेनं फिरली, म्हातारीनं खुर्चीतून मान डोलावली, तेव्हा.

निघायच्या दिवशी बाईंनी पुढच्या सीटला जाड गादीचं नवं कव्हर घातलं, कडेला पायपिंगसकट. दाराशी चढायला लोखंडी पायरी आणि धरायला कडी. म्हातारी कडी धरून स्वतःच्या पायांनी वर चढली आणि ट्रंक मागे ठेवायला सांगितली. ट्रंकेबरोबर हौद्यात ब्रेकसर. वास्तविक गाडी त्यांनी चालवायची, पण ते स्वतःच म्हणाले, "मी डांबरी रस्त्याचा माणूस आहे. खडीवर माझा पाय फक्त एकाच कामाचा."

पायथ्याशी डांबर संपलं. बाईंनी छोटा दांडा ओढला. पहिल्या चढावर ट्रक दमला, मग त्यानं चारही पायांनी जमीन धरली आणि वर सरकायला लागला. दगड टायरखालून सुटून मागे उडत होते, बाजूची झुडपं पत्र्याला घासत होती, हौद्यात ब्रेकसर दोन्ही हातांनी कठडा धरून उजव्या पायानं हौद्याचा तळ दाबत होते. पहिल्या वळणावर पुढचं एक चाक हवेत गेलं. बाईंनी स्टिअरिंग आवळून धरलं.

"उजवीकडून घे," म्हातारी म्हणाली. "तिथे खडक आहे, माती नाही."

"आई, दिसतंय मला."

"तुला दिसतंय, मला माहीत आहे. उजवीकडून घे."

बाईंनी उजवीकडून घेतलं. टायरनं खडकाला दात लावले आणि ट्रक वर गेला. मग दुसरं वळण, मग तिसरं, म्हातारी सांगत गेली, बाई वळत गेल्या, आणि शेवटच्या चढावर ट्रक असा काही धावला, की मागे ब्रेकसरांनी आयुष्यात पहिल्यांदाच ओरडून सांगितलं, "दाब, ॲक्सिलरेटर दाब."

वस्तीतली माणसं घराबाहेर आली होती. ज्या चौघांनी म्हातारीला खाली नेलं होतं त्यातले दोघे तोंडात बोटं घालून उभे होते. दारातल्या पायरीवर चुलतभाऊ बसला होता. किल्ली मिळणार अशी त्याला कुणीतरी बातमी दिली होती. ट्रक त्याच्या गुडघ्यांपाशी येऊन थांबला, बरोबर, एका झटक्यात. ब्रेक सरांचे होते.

म्हातारी कडी धरून उतरली. कुणी हात पुढे केला तो तिनं बाजूला सारला. कुलूप उघडलं, आत डोकावून वास घेतला, आणि पुतण्याकडे वळली.

"आलास ते बरं झालं. कोपऱ्यात झाडू आहे बघ."

तो काही बोलायच्या आत झाडू त्याच्या हातात होता. ब्रेकसर ट्रंक घेऊन आत गेले. बाहेर लोक ट्रकभोवती जमून विचारत होते, खाली जाताना आम्हाला घ्याल का, आजीला दवाखान्यात दाखवायचंय, पोती आणायची आहेत, दात काढायचाय. म्हातारीनं दारातूनच सांगितलं, की एका वेळी एक बोला, आणि दात दुखणाऱ्याला आधी बसू द्या.

आत तिनं ट्रंक उघडली आणि सगळे कपडे, एकूण एक, भिंतीतल्या फळीवर रचून ठेवले. बाई दाराशी उभ्या होत्या. डोळ्यांत पाणी होतं, पण हात तेलकट, त्यामुळे पुसताही येईना.

"आई, मग न्यायला कधी येऊ?"

म्हातारीनं रिकाम्या ट्रंकेचं झाकण लावलं आणि ती पायानं पलंगाखाली ढकलली.

"न्यायला कशाला येतेस? भेटायला ये," ती म्हणाली, आणि वर बघून पुतण्याला जाळं दाखवायला लागली, तो कोपरा त्यानं चुकवला होता.