कोतवाल मामांचं चूलबंद आवतण

कोतवाल मामा कोणाच्या घरात शिरत नसत. गावातल्या प्रत्येक दारासमोर ते कितीदा उभे राहिले असतील याची मोजदाद नाही, पण उंबऱ्याच्या आत त्यांना पाहिल्याचं कोणाला आठवत नाही. सुरुवातीच्या काळात त्यांना शिरू देत नसत. नंतर ते शिरत नसत. अंगणाच्या मध्यावर थांबायचं, टोपी सारखी करायची आणि निरोप अशा आवाजात सांगायचा की माणूस मागच्या परसात असला तरी ऐकू आलं नाही म्हणायची सोय राहू नये. आत बोलावलं तर म्हणत, "आत गेलं का च्या येतो. च्या घेतला का खबर पातळ होती."

सरकारी दप्तरात ते गावचे कोतवाल, म्हणजे तलाठ्याच्या हाताखालचे. नोटिसा पोचवणं आणि हलगी वाजवून दवंडी देणं ही नेमून दिलेली कामं. लग्नाचं आवतण देणं त्यात कुठे लिहिलेलं नव्हतं. पण गावाला पुरेल असा आवाज एकच असल्यामुळे तेही त्यांच्याकडे आलं होतं. दवंडीआधी ते एकच प्रश्न विचारत, "कोन म्हनलं?" नाव मिळाल्याशिवाय हलगीला काठी लागत नसे. मिळालेला मजकूर ते शब्दशः सांगत, फक्त शेवटी एक वाक्य पदरचं जोडत. "उद्या तलाठीसायेब येनार हायत, कागद घेऊन चावडीवर यावं हो! मागल्या बुधवारी कामून आले न्हाईत, ते त्याईलाच इचारावं हो!" तलाठी बदलत गेले, वाक्य बदललं नाही.

एका उन्हाळ्यात सरपंचांनी पाण्याच्या टँकरची दवंडी फक्त वरच्या आळीत द्यायला सांगितली. मामा वरच्या आळीच्या टोकाला, टेकाडावर जाऊन उभे राहिले आणि तिथून दवंडी दिली. ती खाली विहारामागच्या गल्लीत, म्हणजे मामांच्या स्वतःच्या गल्लीत, स्वच्छ ऐकू गेली. टँकरपाशी पहिल्या घागरी तिथल्याच आल्या. सरपंचांनी जाब विचारला तेव्हा मामा म्हणाले, "तुमी सांगितल्या जागीच बोंबललो, सायेब. आवाजाला गल्ली कळत न्हाई."

ते निवृत्त झाले आणि गावाचा कारभार मोबाइलच्या ग्रुपवर गेला. मागच्या वर्षी मामा वारले. त्यांच्या आठवणी सांगायला जमलेल्या माणसांमध्ये दोन दवंड्यांवरून वाद झाला, पण तीन वर्षांपूर्वीच्या एका लग्नाबद्दल सगळ्यांचं एकमत होतं. ते लग्न मी पाहिलं आहे. गावाकडची व्यवस्था माझ्याकडेच होती.

लग्न होतं विलासदादांच्या धाकट्या मुलीचं, सईचं. विलासदादा आमच्या भावकीतले. नोकरीनिमित्त तीस वर्षांपूर्वी संभाजीनगरला गेले. गावात घर, अंगण आणि घरामागची आमराई राहिली. थोरल्या मुलीचं लग्न त्यांनी तिकडच्या एका लॉनवर केलं. गावाला पत्रिका मोबाइलवर आली, तीही लग्नाच्या आदल्या दिवशी. सई पुण्यात नोकरीला. तिला मात्र लग्न गावातच हवं होतं, आणि तेही गावरान पद्धतीचं. त्यासाठी पुण्याहून मधुरा नावाची मुलगी आली. लग्नं आखून देणं हा तिचा व्यवसाय. पाहुणे दोनशे, बहुतेक बाहेरगावचे. गावातून भावकीची दहा घरं.

मधुरा कामाला चोख होती. देवगाव फाट्यावरून आत वळणाऱ्या गाड्यांसाठी तिने लाकडी पाट्या लावल्या. गावात बैलजोड्या दोनच उरल्या होत्या, त्या दोन्ही ठरवल्या. कंदील आणले, त्यांत बॅटरीचे दिवे. गावातल्या बायकांनी आनंदाने टाकून दिलेली दळायची दोन जाती शोधून त्यांना झेंडूच्या माळा घातल्या. जेवणात हुरड्याचा एक वेगळा टेबल होता. लग्न मे महिन्यात होतं. हुरडा पुण्याहून बर्फात येणार होता. मामांना ते कळलं तेव्हा त्यांनी शांतपणे विचारलं, "मंग आंबे दिवाळीला आननार का?" अंगणातल्या सिमेंटवर शेणाचा सडा हवा, असं मधुरा म्हणाली तेव्हा अंगण झाडणारी बाई हसत घरी गेली आणि परत आली नाही.

जुनं काय काय असायचं हे सांगायला जाणता माणूस हवा होता. मी मामांना बोलावलं. ते पारावर बसले, मधुरा समोर लॅपटॉप घेऊन.

"मांडवावर जांभळीचे डहाळे. पानी रांजनात," मामा सांगू लागले. "वऱ्हाड गाडीतून. आन् रुसवा लिवा."

"रुसवा?"

"रुसनारा मानूस न्हाई तं लग्न गावाकडलं कसं? नवरदेवाच्या मावशाला सांगून ठेवा. जेवायच्या टायमाला रुसायचं म्हनावं, आदी न्हाई."

मधुराने ते लिहून घेतलं.

"मंग पंगती. ज्या गल्लीत आवतन पैलं, तिची पंगत पैली. वरची आळी, मंग मधली, मंग खालची."

"वा! छान आहे हे. आणि?"

"आन् शेवटी आमची. तवर गोड सरायचं. पोळीचे तुकडे ऱ्हायचे. त्येबी वरून टाकायचे."

मधुराचे हात थांबले. "ते नको, मामा."

"बरं. खोडा," मामा म्हणाले. "एक खोडलं तं बाकीचंबी जरा इचार करून लिवा."

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी आवतणाचं चित्रण होतं. इथे थोडं सांगायला हवं. आमच्याकडे लग्नाचं आवतण दोन प्रकारचं. एक 'घरटी एक', म्हणजे घरातून एका माणसाने जेवायला यायचं. दुसरं 'चूलबंद'. चूलबंद आवतण आलं की त्या दिवशी घरात स्वयंपाक करायचा नाही. म्हाताऱ्यापासून पाळण्यातल्या पोरापर्यंत सगळ्यांचं जेवण लग्नघरी. आता चुलींच्या जागी गॅस आले, तरी शब्द तोच आहे. असं आवतण देऊन एखादा माणूस उपाशी परतला, तर नाव यजमानाचं जातं आणि शब्द आवतण देणाऱ्याचा. मामांनी दिलेलं आवतण कधी खोटं पडलेलं नव्हतं.

मधुरा म्हणाली, "मामा, आठ-दहा दारांसमोर म्हणा. अगदी जुन्या पद्धतीचं, पूर्ण."

"पूर्न म्हनू?"

"हो, पूर्ण."

"कोन म्हनलं?"

"विलासदादांच्या नावाने म्हणा ना."

मामांनी टोपी सारखी केली. सुरुवात विहारामागच्या गल्लीपासून झाली. पहिल्या अंगणात ते उभे राहिले आणि आवाज लावला: "उद्या विलासदादाच्या लेकीचं लगीन हाय हो! चूलबंद आवतन हाय हो! लेकराबाळासगट यावं हो!" आतून उत्तर आलं, "येताव हो!" छायाचित्रकाराला हे पुन्हा हवं होतं. मामांनी साफ नकार दिला. "एका दारात दोनदा गेलं का मानूस रुसलाय म्हनून मनवायला आलेत, आसं समजतेत. पुढं चला."

आठ-दहा दारं झाल्यावर मधुराने "झालं" म्हणून सांगितलं. चित्रण करणारे जेवायला गेले. मामा पुढे चालत राहिले. खालची आळी, मधली आळी, वरची आळी. दुपारी ऊन चढलं तेव्हा ते शेवटच्या दारात होते. कॅमेरा नसलेली ही दारं तीनशेच्या आसपास होती.

हे उघडकीला आलं ते लग्नाच्या दिवशी सकाळी आठला, आणि तेही मधुराकडूनच. तिला पेटत्या चुलीचं एक चित्र हवं होतं. परसात अजून चूल राखलेली चार घरं होती. पहिल्या घरातल्या बाईने हात जोडले. "आज न्हाई पेटवत, बाई. आवतन हाय ना." दुसऱ्या घरात तेच. तिसऱ्या घरातली म्हातारी जरा रागानेच म्हणाली, "तुमीच चूल बंद करा म्हनायलाव आन् तुमीच पेटवा म्हनायलाव!" मधुरा माझ्याकडे आली. मी पिठाच्या गिरणीवर जाऊन खात्री केली. गिरणीवाला पेपर वाचत बसला होता. त्या दिवशी एकही दळण आलेलं नव्हतं.

विलासदादांनी मामांना अंगणात बोलावून घेतलं. गोरे गृहस्थ, चेहरा लालबुंद झाला होता.

"कोतवाल, काय करून बसलास तू हे? दोनशे माणसांचा स्वयंपाक आहे माझा! गाव दारातून उपाशी जाईल. तोंड दाखवायला जागा राहणार नाही मला."

"म्या नाव इचारून घेतलं, दादा. ताईनं तुमचं सांगितलं."

"ते चित्रीकरण होतं!"

"दारात म्हनलं. दारात म्हनलेलं चित्रीकरन कसं आसंल?"

"आता फिरून सांग सगळ्यांना, येऊ नका म्हणावं."

मामांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "ते माझ्याच्यानं व्हनार न्हाई. तुमी दुसरा मानूस बगा." मग म्हणाले, "मुहूर्त साडेबाराचा हाय. गावातल्या चुली बंद हायत, दादा. हात बंद न्हाईत."

दादांनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. मामांनी ते होकारात मोजलं. हलगी पंचायतीत जमा होऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांनी रुखवतातलं एक पितळी ताट उचललं आणि चमच्याने वाजवत ते रस्त्यावर आले. "विलासदादाच्या घरी रांधायला हात कमी हायत हो! पोळपाट-लाटनं घिऊन यावं हो!" पदरचं वाक्य होतंच. "शेरातून आलेला हुरडा पानी सोडायलाय, तेबी बगून जावं हो!"

पुढचे चार तास नोंदवण्यासारखे होते. दादांच्या कोठीतला गहू गिरणीवर गेला आणि गिरणीवाल्याचा पेपर मिटला. मारुतीच्या देवळातली सप्ताहाची भांडी आणि विहारातली जयंतीची भांडी एकाच ट्रॅक्टरमधून आली. उतरवताना कढया मिसळल्या आणि त्या कोणाच्या हे नंतर आठवडाभर ठरलं नाही. आमराईत दगडांच्या चुली मांडल्या. पाथरीहून पत्रावळी आल्या. वरच्या आळीतल्या बायका पुऱ्या लाटायला बसल्या, खालच्या आळीतल्या तळायला. वांग्याची भाजी, वरण, भात, शिरा. पुण्याचा आचारी सुरुवातीला हुकूम देत होता. अकराच्या सुमारास तो कांदा चिरताना दिसला. मधुराने शेणाच्या सड्याचा विषय पुन्हा काढला नाही. पेटत्या चुलीची चित्रं तिला बावीस मिळाली.

लग्न लागलं आणि पंगतीचा प्रश्न आला. वरच्या आळीतले एक वयस्कर गृहस्थ पुढे होऊन बसायला लागले. मामा तिथे उभे होते.

"काका, जरा दम धरा. पैलं आवतन विहारामागं गेलंय. पैली पंगत त्या गल्लीची आन् नवरदेवाकडल्या पाव्हन्याची."

"हे कवापासून? आवतन वरून खाली जातंय, कोतवाल. तुला म्या सांगावं का?"

"खरं हाय. पर ताई म्हनल्या, सकाळचं ऊन खालच्या गल्लीत चांगलं पडतंय. कॅमेऱ्याफुडं आपलं काय चालतंय, सांगा बरं?"

काकांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं. आपण त्यात येत आहोत हे लक्षात आल्यावर त्यांनी धोतर सावरलं आणि हसून बाजूला झाले. विहारामागच्या गल्लीतली बायका-माणसं पहिल्या पंगतीला, नवरदेवाच्या पुण्याच्या पाहुण्यांशेजारी बसली. वाढायला भावकीची पोरं होती. त्या अंगणात हे पहिल्यांदा झालं. कोणी भाषण केलं नाही.

उन्हाबद्दल मी नंतर मधुराला विचारलं. ती म्हणाली, "मी कुठे म्हणाले? मामाच म्हणाले, ताई, आमच्या गल्लीत ऊन लई झकास पडतंय, तिथून सुरू करू."

चार वाजेपर्यंत पंगती उठत होत्या. मामा प्रत्येक पंगत उठली की शेवटच्या माणसाला "पोट भरलं का?" विचारत. सगळं गाव जेवून गेल्यावर ते एकदा गल्लीगल्लीतून फिरून आले. अंथरुणाला खिळलेल्या एका म्हातारीचं ताट राहिलं होतं, ते पोचवलं. मग राबणाऱ्यांची शेवटची पंगत बसली: लाटणाऱ्या बायका, ट्रॅक्टरवाला, पुण्याचा आचारी, मांडी घालताना दोन वेळा कलंडलेली मधुरा आणि टोकाला कोतवाल मामा.

विलासदादा दिवसभर दारात हात जोडून उभे होते. पाय सुजले होते. ते अंगणातल्या पंगतीत आले आणि मामांसमोर थांबले.

"तुम्हाला ठाऊक होतं ना, कोतवाल? हे असं होणार ते."

"व्हय."

"का केलंत?"

मामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "तीस वर्सं झाली, दादा. तुमच्या नावानं गावात एक चूल बंद झाली न्हवती. आज एकबी उघडी ऱ्हायली न्हाई. उद्या ह्या गावात आलाव तं लोक जेवन इचारतील तुमाला. आदी नाव इचारायचे."

विलासदादांनी भावकीतल्या पोराच्या हातून पुऱ्यांची परडी घेतली, सुजलेल्या पायांवर वाकले आणि मामांच्या पत्रावळीवर दोन पुऱ्या ठेवल्या. भाजी वाढली. वरण वाढलं. शिरा उरला होता. तो दोनदा वाढला. पंगत बघत होती. मामांनी पत्रावळीवर एकदा नजर फिरवली, डाव्या कोपऱ्यात बोट ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "दादा, मीठ इसरलाव."

दादा मीठ आणायला आत गेले. ते येईपर्यंत पंगतीतल्या कोणीही घास उचलला नाही.