मुलीचा डेटाबेस आणि सुनेचा

माझे वडील सुनेला मुलीसारखं वागवतात, असं अख्खी डोंबिवली म्हणायची. लग्नात, हळदीकुंकवाला, वाण्याच्या दुकानात कोणीही मला गाठून हे सांगायचं आणि वर कौतुकानं हसायचं. मुलीला ते कसं वागवतात, हे मात्र मला कधी कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. माझी तयारी होती.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. सरकारी नोकरी सांभाळून ते डोंबिवलीत एक वधूवर सूचक मंडळ चालवायचे, तेही फुकट. शनिवारी संध्याकाळी एका शाळेचा वर्ग मिळायचा. तिथे बाकांवर लाकडी खोकी मांडली जायची. मुलींची कार्डं पिवळी, मुलांची निळी. त्यावर नक्षत्र, नाडी, गण, शिक्षण, उंची आणि शेवटी अपेक्षा. त्या अपेक्षांवरून मी कॉलेजात मैत्रिणींना पोट धरधरून हसवायचे, कारण अक्षर बरं म्हणून कार्डं लिहायचं काम माझ्याकडे होतं.

मंडळाचा एक नियम अण्णांनी स्वतः घालून दिला होता. एखाद्या मुलीची बोलणी कुठे सुरू झाली की तिचं कार्ड खोक्यातच उलटं करून ठेवायचं, डोकं खाली. उलटं कार्ड दिसलं की दुसऱ्या कोणी त्याला हात लावायचा नाही, ते दुसऱ्या स्थळाला दाखवायचं नाही. बोलणी फिसकटली तर कार्ड परत सुलटं. जमलं तर मुलीकडचे पेढे घेऊन यायचे, आणि पेढे आल्यावरच कार्ड खोक्यातून बाहेर निघायचं. माझंही पिवळं कार्ड त्याच खोक्यात होतं. एका शनिवारी अण्णांनीच ते उलटं केलं आणि वैशाखात मी माजिवड्याला सासरी आले. तक्रार नाही, नवरा चांगला आहे. पण मी अण्णांच्या शब्दाबाहेर गेले नव्हते, एवढं लक्षात ठेवा.

माझा धाकटा भाऊ मात्र शब्दाबाहेर गेला. मंडळाच्या अध्यक्षांचा मुलगा, आणि ठाकुर्लीच्या रेल्वे क्वार्टर्समधली मुलगी स्वतःच पसंत करून मोकळा झाला. ना कार्ड, ना पत्रिका. अण्णांना मंडळात तोंड दाखवायची चोरी झाली. लग्नानंतर कितीतरी महिने ते सुनेशी थेट बोलत नसत. चहा हवा असला तरी भावाला सांगत, "जरा चहाचं बघायला सांग." तेव्हा मीच त्यांची समजूत घालायचे, "अण्णा, पोर चांगली आहे, बोला की तिच्याशी." माझीच अक्कल, दुसरं काय!

मग नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा एका सभासदानं आपल्या ऑफिसातले दोन जुने कॉम्प्युटर मंडळाला दिले, आणि सगळी कार्डं कॉम्प्युटरवर चढवायचं ठरलं. आता इथे माझं म्हणणं नीट समजून घ्या. मी ठाण्याला एका कंपनीत हेच काम करत होते. कारखान्यांची गोदामं, माल, माणसं, सगळं डेटाबेसवर घालून द्यायचं. डेटाबेस म्हणजे तरी काय, कार्डांचं खोकंच, फक्त मागाल ते कार्ड त्याच क्षणी हातात देणारं. आमचा डेटाबेस जगभर चालणारा, रीतसर परवाना घेऊन विकत घ्यायचा. त्याची जाडजूड पुस्तकं माझ्या टेबलावर असायची, त्याची परीक्षाही मी पास झाले होते. अण्णांना हे माहीत होतं. 'मुलगी कॉम्प्युटरमध्ये आहे' असं ते लोकांना सांगायचे, मुलगी नाशिकला आहे म्हणावं तसं.

दर रविवारी मी माहेरी जायचे. त्या रविवारी गेले, तर पुढच्या खोलीत मंडळाचा कॉम्प्युटर, त्याच्यासमोर भावजय, आणि तिच्या शेजारी स्टुलावर अण्णा. स्टुलावर! खुर्ची तिला दिली होती.

"ताई, या ना," ती म्हणाली. "अण्णांना दाखवत होते. मुलींचं खोकं चढवून झालं पण."

कॉम्प्युटरच्या कुठल्याशा मासिकाबरोबर एक सीडी आली होती, तिच्यात एक डेटाबेस होता. फुकट. नुसता फुकटच नाही, तर आतला सगळा कोड उघडा. कोणीही वाचावा, बदलावा, दुसऱ्याला द्यावा. देशोदेशीच्या माणसांनी हौसेनं लिहिलेला. भावजय बी.एस्सी. झालेली, कॉम्प्युटरचा एक क्लास केलेला, बाकी सगळं त्या मासिकांतून शिकलेली. काही अडलं की ती स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत जाऊन त्या लोकांना ईमेल पाठवायची, आणि एक-दोन दिवसांत परदेशातून कोणीतरी उत्तर द्यायचं.

"अगं, ओळख ना पाळख," अण्णा मला सांगू लागले, "आणि बघ तरी, केवढं समजावून लिहिलंय त्या माणसानं." त्यांनी खिशातून कागद काढला. परदेशातल्या माणसानं तिला पाठवलेल्या उत्तराची छापील प्रत त्यांनी घडी घालून जवळ ठेवली होती. माझं परीक्षेचं सर्टिफिकेट दाखवलं तेव्हा ते 'छान' म्हणाले होते आणि परत पेपरात गेले होते.

माझ्या पोटात दुखायला लागलं ते तिथपासून.

पडद्यावर तिनं हुबेहूब पिवळं कार्ड काढलं होतं. अण्णा एका बोटानं टाइप करत होते. नाडी अमुक नको, मंगळ नको, शिक्षण पदवीच्या पुढे. एंटर दाबला की नावं खाली उतरायची आणि अण्णा हसायचे. "पण ही का नाही आली? हिला तर मंगळ नाही," ते तिला विचारायचे. ती सांगायची. ते पुन्हा काहीतरी विचारायचे. अण्णांनी जन्मात मला जेवढे प्रश्न विचारले नसतील तेवढे त्या एका दुपारी तिला विचारले. मी समोर बसून चिवडा खात होते.

शेवटी मी तोंड उघडलंच. "अण्णा, हे असलं फुकटचं कशाला घेताय? उद्या बंद पडलं तर कोणाच्या दारात जाणार? आमच्याकडे फोन केला की कंपनीचा माणूस येतो. फुकटचं काही टिकत नाही."

अण्णांनी चष्मा काढला. "आपलं मंडळही फुकटच चालतं," ते म्हणाले. "टिकलंय की."

भावजयीनं मान खाली घातली. ती हसली नाही, तेही मला खुपलं. हसली असती तर तिच्याशी भांडता तरी आलं असतं.

पण मीही काही सोडणारी नव्हते. आमच्या साहेबांच्या मागे लागून मी धर्मादाय संस्थांसाठी असते ती सवलत कबूल करून घेतली आणि आमच्या डेटाबेसची एक प्रत मंडळाला वापरून बघायला मिळवली. रजा टाकून एका शनिवारी शाळेत गेले, दोन्ही कॉम्प्युटर एकमेकांना जोडले आणि अण्णांना बोलावलं. एका मशीनवर मी एका मुलीचं कार्ड बदलायला उघडलं आणि म्हटलं, "आता तुम्ही त्या मशीनवर हेच कार्ड बदलून बघा."

त्यांनी प्रयत्न केला. मशीन ऐकेना. ही नोंद दुसऱ्यानं धरून ठेवली आहे, असा निरोप पडद्यावर आला.

"अण्णा, हे तुमचं उलटं कार्ड," मी म्हणाले. "कोणाला सांगायला नको की बघायला नको. कॉम्प्युटरच दुसऱ्याचा हात धरतो."

अण्णा खुर्ची पुढे ओढून बसले. "परत कर बघू," म्हणाले. मी परत केलं. त्यांनी भावजयीकडे वळून विचारलं, "तुझ्यात असं आहे का गं?"

"नाही अण्णा," ती म्हणाली. "मी त्या लोकांना विचारलेलं. ते बोलले, अजून नाही त्यात. दोघांनी एकदम बदललं तर शेवटचं काय ते राहतं."

अण्णांनी मान डोलावली आणि माझ्या पाठीवर थाप मारली. मंडळातल्या सगळ्यांच्या देखत. परतताना मी ठाणे स्टेशनबाहेर आंबा बर्फी घेतली आणि घरी वाटली. नवऱ्यानं विचारलं, कसली, तर म्हटलं, असंच.

तरीही कार्यकारिणीनं ठरवलं की कार्डं आधीच तिच्याकडे चढली आहेत, तर थोडे दिवस तेच चालवून बघावं आणि मग काय ते ठरवावं.  काय होणार ते मला दिसत होतं.

तुळशीचं लग्न झालं की आमच्या मंडळात पाय ठेवायला जागा नसते. त्या शनिवारी दोन मशीनवर दोन कार्यकर्त्या बसल्या होत्या, आणि दोघींनी एकाच वेळी कल्याणच्या एकाच मुलीचं कार्ड पडद्यावर उलटं केलं. एकीनं दिवा गावच्या कुटुंबासाठी, दुसरीनं ठाण्याच्या. दोघींनाही वाटलं, आपलं काम झालं. दोघींनीही आपापल्या मंडळींना सांगितलं, उद्या सकाळी जाऊन या. दुसऱ्या दिवशी मुलीच्या घरी एका सोफ्यावर दोन मुलगे, समोरासमोर दोन आया, आणि कांदेपोहे एकाच स्थळापुरते. मुलगी ट्रे घेऊन बाहेर आली आणि तशीच आत परत गेली.

संध्याकाळी मुलीचे वडील तरातरा अण्णांच्या दारात. रविवार असल्यामुळे मी होतेच.

"आमच्या मुलीचं प्रदर्शन मांडलंत तुम्ही!" ते ओरडले. "दोन-दोन स्थळं एकदम? शेजारीपाजारी काय म्हणत असतील?"

भावजय स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, पांढरीफटक. खरं सांगते, माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. आता अण्णा बोलतील, आता त्यांना कळेल, असं मी स्वतःला सांगत होते.

अण्णा उठले आणि हात जोडून म्हणाले, "चूक माझी आहे. कार्ड मी उलटं करायचं होतं. विसरलो मी."

अण्णा खोटं बोलले. मी कॉलेजात असताना एका कार्डावर चुकीचं नक्षत्र लिहिलं गेलं होतं, तर याच अण्णांनी मला एकटीला त्या घरी पाठवलं होतं. "चूक तुझी, माफी तू मागायची," म्हणाले होते. मी भर उन्हात जाऊन, अनोळखी बाईसमोर रडून माफी मागून आले होते. आणि आता सुनेच्या चुकीला ते स्वतः हात जोडून उभे होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

ते गृहस्थ शांत होऊन गेल्यावर अण्णांनी सांगून टाकलं, मंडळात तिचाच डेटाबेस राहील. तिनं लगेच तोडगाही काढला. शोधायचं कुठल्याही मशीनवर, पण कार्ड उलटं करायचं ते फक्त अण्णांच्या मशीनवर, अण्णांच्याच हातानं. इतका साधा उपाय, आणि तो पुढे कित्येक वर्षं बिनबोभाट चालला, हेही सांगायलाच हवं.

मी अण्णांना गॅलरीत गाठलं. "खरं सांगा. कोणाचं चांगलं होतं?"

"तुझं," ते म्हणाले. "त्यात विचारायचं काय?"

"मग?"

खाली रस्त्याकडे बघत ते म्हणाले, "तुझं नाही घेतलं तर तू चार दिवस फुगून बसशील आणि रविवारी येशील. तिचं आज नाकारलं, तर ती या घरात परत तोंड उघडायची नाही. तू काय, माझीच आहेस."

हे मी लोकांना सांगते तेव्हा त्यांना गहिवरून येतं. मला संताप आला होता. घरचं माणूस म्हणून प्रत्येक पंगतीत शेवटी बसवायचं आणि वर म्हणायचं, तू काय, घरचीच. मला घरचं नव्हतं व्हायचं. मला निवडून घ्यायला हवं होतं, माझं काम चांगलं होतं म्हणून, सगळ्यांच्या देखत. मी पर्स उचलली आणि कोणाशी न बोलता निघाले.

त्याच्या पुढच्या रविवारी सकाळी मी डोंबिवलीला गेले नाही. कपाटं आवरायला काढली. नवरा म्हणाला, "जाऊन ये की," तर त्याच्यावरच खेकसले. दुपारी जेवणाच्या वेळेला फोन वाजला. अण्णांचा असणार, म्हणून मी मुद्दाम वाजू दिला. कळू दे म्हटलं. मग उचलला.

"ताई, मी बोलतेय," भावजय अगदी हळू आवाजात म्हणाली. "निघालात ना? अण्णा सकाळपासून गॅलरीत उभे आहेत. जेवायला चला म्हटलं तर तिला येऊ दे म्हणतात. फोन करू का विचारलं तर नको म्हणाले, येईल ती. मी केला म्हणून सांगू नका हां त्यांना."

अण्णा माझ्यासाठी उपाशी उभे होते. एवढंच तर मला इतकी वर्षं ऐकायचं होतं, आणि ते ऐकवलं कोणी, तर तिनं! मी फोन आपटला, चपला पायात सरकवल्या आणि तणतणत डोंबिवलीला गेले.