हवेचा डबा आणि इतवाऱ्याचे शेठ

बायको गेली आणि दोन महिन्यांत मुलानं मोटर विकायला काढली. कारण काय, तर कापूस. यंदा बरा आलाय, ठेवायला कोरडी जागा नाही, आणि घरात सगळ्यात कोरडी जागा मोटरीच्या शेडमध्ये. "बा, ती आता फिरते तरी कुठं?" असं म्हणाला. खोटं नव्हतं. पण मला ती विकायची नव्हती, आणि का नाही हे मुलाला सांगायला माझं तोंड उघडत नव्हतं.

मोटर एका लहानशा संस्थानाची. संस्थान विलीन झालं तेव्हा राजेसाहेबांनी गाड्या विकल्या, त्यातली सगळ्यात म्हातारी मी घेतली. राज्य दिल्लीला गेलं, मोटर दापोऱ्याला केळीच्या बागेत आली.

चालवायचो मी, पण तिची हवा बायकोच्या ताब्यात. इंजिनावर एक काळा डबा असतो, त्यातून इंजिन श्वास घेतं. आत तारेची जाळी, तळाला ऑइल. हवेतली धूळ त्यात अडकते. आमच्याकडे कापूसही अडकतो. लालबाग स्टेशनाच्या बाजूला, सरकी काढायच्या जिनिंगवरून दोन चकरा झाल्या की डब्यात गोधडी तयार. बायकोनं पहिल्यांदा ते पाहिलं आणि माझ्यावरच डाफरली. "अहो, हिच्या नाकात एवढं भरलंय आणि तुम्ही वरून हँडल मारताय!" तेव्हापासून दर अमावास्येला जाळी तीच धुवायची. मी जवळ गेलो तर हाकलायची. "तुम्हाला चहाची गाळणी धुता येत नाही, व्हा बाजूला." मी खाटेवर बसून बघायचो.

ती गेल्यावर डबा कोणी उघडलाच नाही. गाडी खोकायला लागली, काळा धूर सोडायला लागली. मी म्हटलं, झकास. गिऱ्हाईक धूर बघून आपोआप पळेल.

गिऱ्हाईक आलं. शहरातल्या इतवाऱ्यातले कापडवाले शेठ, धोतर बगळ्यासारखं. मुलगा मला म्हणाला, "बा, नीट बोला," आणि कापूस वेचायला बाया लावल्या होत्या तिकडे निघून गेला. मी हँडल मारलं. चौथ्या फेऱ्याला गाडी चालू झाली आणि शेठ धुरात दिसेनासे झाले. मला लई बरं वाटलं.

शेठ खोकत बाहेर आले. "काका, हे तर भंगार आहे. घरात कोणी कधी हिच्याकडे पाहिलंच नाही वाटतं."

झालं. भंगार म्हणाले ते मी सोडून दिलं असतं. पण कोणी पाहिलंच नाही?

"बसा तिथं," मी म्हटलं. "सूनबाई, शेठला चहा दे. आणि घासलेट आण."

डबा उचलताना तिरका झाला आणि जुनं ऑइल माझ्या धोतरावर सांडलं. बायको तो सरळ उचलायची, तेवढंच माझ्या ध्यानात नव्हतं. जाळीवरून कापसाचा काळा थर सोलून काढला. सून म्हणाली, "मामंजी, यात एक उशी होईल." तळाचा चिखल काटकीनं खरवडला. जाळी घासलेटात दोनदा खळबळली, झटकली, नव्या ऑइलात बुडवली आणि कपड्यांच्या तारेवर निथळत टांगली. तशीच ओली बसवली तर इंजिन ऑइल पिऊन बसतं. शेठचे दोन चहा झाले. मग डब्यात खुणेपर्यंत ऑइल भरलं, जाळी बसवली, पट्टी आवळली.

पहिल्याच हँडलला गाडी चालू झाली. धूर नाही, खोकला नाही.

"आता बोला, कोणी पाहिलं नाही म्हणे!"

शेठ उठून उभे राहिले. "काका, घेतली!"

तेव्हा कुठं मला कळलं की मी काय करून बसलो. असा गाढव मीच.

शेठ म्हणाले, एक चक्कर मारू. लालबागेपर्यंत गाडी पाण्यासारखी गेली. शेठ वाटभर बोलत होते, हिला हिरवा रंग देतो, लग्नाच्या वरातीला भाड्यानं लावतो. लालबागेत त्यांना पानाची तलफ आली. "दोन मिनिटं, काका." ते उतरले. मी इंजिन बंद केलं नाही. ते टपरीवर चुना मागत होते तेव्हा मी गाडी वळवली. आरशात शेठ दोन्ही हातांत दोन पानं घेऊन पळताना दिसले. एक माझ्यासाठी घेतलं होतं बिचाऱ्यांनी. पण स्टेशन तिथंच, टांग्यांची काय कमी?

मुलगा दारातच उभा. "शेठ कुठंयत?"

"लालबागेत."

"गाडी पसंत नाही पडली?"

"त्यांना पडली. मला ते नाही पडले."

मुलगा पायरीवर बसला. मग म्हणाला, "बा, कापूस मी कुठं ठेवू? डोक्यावर?"

"माझ्या खोलीत भर. छतापर्यंत भर."

"आणि तुम्ही?"

"माझी खाट शेडमध्ये टाक, मोटरीजवळ. त्या खोलीत तशीही मला झोप येत नाही."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. खाटेची एक बाजू त्यानं धरली, दुसरी मी. दारातून निघताना ती अडकली, तर माझ्यावर ओरडला, "बा, सरळ धरा ना जरा!"