गौसियाभाभींची अर्धशिशी

पिंपळगाव राजात आमच्या घरापासून चार-पाच घरं सोडून शकूर पिंजाऱ्याचं घर होतं. कापूस पिंजायचा आणि गाद्या, उशा, रजया भरून द्यायच्या, हा त्यांचा पिढीजात धंदा. पुढच्या पडवीत आढ्याला पिंजण टांगलेली असे, म्हणजे माणसाहून लांब असं लाकडी धनुष्य. तिच्या तातेवर, म्हणजे ताणलेल्या दोरीवर, शकूर लाकडी मोगरी मारायचा. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत सगळ्या गल्लीत तोच एक आवाज घुमत राहायचा. आम्हा मुलींना तो फार आवडे. त्या घरात नव्यानं आलेल्या सुनेला मात्र त्यानं जीव नकोसा केला होता.

ती गौसिया, शकूरची बायको. लोणारकडच्या एका खेड्यातली, शेतकऱ्याची मुलगी. मी तिला भाभी म्हणायची. इथं जे लिहिते आहे त्यातलं निम्मं तिनं मला सांगितलेलं, निम्मं मी डोळ्यांनी पाहिलेलं.

लग्नाला दोन-तीन महिने झाले असतील. एका सकाळी भाकरी टाकताना तिला तवा अर्धाच दिसायला लागला. डोळ्यांपुढं करवतीच्या दात्यांसारखी एक चमकती रेघ थरथरू लागली. थोड्या वेळानं रेघ विझली आणि उजव्या डोळ्यामागं कुणी खुंटी ठोकावी तसं दुखू लागलं. तेवढ्यात पडवीत पिंजण सुरू झाली. मोगरीचा एकेक ठोका थेट त्या खुंटीवर पडायचा. ती परसात जाऊन ओकली.

सासू, नजमुन्निसाचाची, आधी खूश झाली. सून ओकतेय म्हटल्यावर तिनं वेगळाच अर्थ काढला होता. तो खोटा ठरला. महिन्याभरानं पुन्हा तेच झालं, तेव्हा चाची करवादली.

"कामाच्या दिवसातच कसं दुखते व तुह्यं डोकं?"

उपाय सगळे झाले. ताईत बांधला. धुरी दिली, तर धुरानं दुखणं दुप्पट झालं. कुणी सांगितलं म्हणून दिवस उगवायच्या आत दूध-जिलबी खाऊ घातली. "जिलबी झ्याक होती," भाभी हसत सांगायची, "डोकं तसंच राह्यलं." खामगावच्या डॉक्टरनं पुड्या दिल्या. त्यांनी थोडा उतार पडायचा. पण ही अर्धशिशी आहे, ती येत-जात राहील, हेही त्यानं सरळ सांगितलं.

एक दिवस शकूर कापूस घ्यायला मागच्या खोलीत गेला. तिथं कापसाची पोती रचलेली असत. दोन पोत्यांच्या फटीत डोकं घालून गौसिया बसलेली त्याला दिसली.

"इथं काऊन बसली?"

"इथं तुमची तात कमी ऐकू येते."

 त्यानं बाहेर येऊन पिंजण दोरीवरून सोडली आणि खांद्यावर टाकली.

"कुठं चालला बे?" चाचीनं विचारलं.

"पुंजाजीच्या गोठ्यात. तिथंच पिंजत जाईन आता."

"बायकोचं डोकं दुखते म्हणून धंदा गोठ्यात नेतं? लोकं हसतीन!"

"हसू दे, अम्मा."

लोक हसलेच. पुंजाजी शेजारचा शेतकरी, भला माणूस. त्यानं बैलांशेजारची जागा मोकळी करून दिली, पण चार ठिकाणी गोष्ट सांगितलीच. चाची दोन दिवस धुसफुसत राहिली. तिसऱ्या दिवशी मात्र ती जुना कापूस, जाड पासोडी आणि सुई-दोरा घेऊन बसली. हातभर फुगलेली एक रजई तिनं शिवली आणि मागच्या खोलीच्या दाराला पडद्यासारखी लावली. खिडकीच्या मापाची एक गादी करून ती खिडकीत ठोसून बसवली. पोती पडवीत आली. खोलीत एक बाज, पाण्याचा माठ आणि ओल्या फडक्याचं घमेलं, एवढंच राहिलं.

"पोत्यांमधी तिचं डोकं मी बी पाह्यलं न," चाची पुढं माझ्या आईला म्हणाली. "जनावर बी असं नाही बसत, बाई."

चाचीनं त्या घराला एक शिस्तही लावली. पडदा खाली असला की गौसियाला कुणी हाक मारायची नाही. त्या दिवशी भाकरी चाची थापणार.

"दुखणं थांबत नव्हतं काही," भाभी मला म्हणाली होती. "पण मले त्याचं भेव वाटेनासं झालं. आलं तर पडून राहीन, सारे आपले हायेत, असं वाटे."

चौतीस साली माझं लग्न ठरलं. माझे वडील भगवंतराव देशमुख. घरात लहानमोठी पंचवीस माणसं. बारा गाद्यांचं काम शकूरकडं आलं, आणि तो पिंजण घेऊन आमच्याच वाड्यामागच्या सोप्यात पिंजायला बसला. काम घरी का नेत नाहीस, असं माझ्या आईनं, मनकर्णाबाईनं, त्याला विचारलं. त्यानं मान खाली घालून खरं कारण सांगितलं, पडद्याचंही.

मला वाटलं, आई हसेल. आईनं विचारलं, "पडदा केवढा जाड हाय?"

तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं. आईलाही महिन्यातून एक-दोनदा 'बरं नसायचं'. ती भिंतीकडं तोंड करून पडायची आणि दर थोड्या वेळानं कुणीतरी दार लोटायचं. कोठीची किल्ली पाहिजे, तूप कुठं आहे, पाहुणे आलेत. किल्ल्या तिच्या कमरेला असत. ती उठून द्यायची आणि पुन्हा पडायची. एवढ्या मोठ्या घरात तिला पडायला जागा नव्हती.

लग्नाला आठवडा राहिला असताना ती मला म्हणाली, "चाल, खोळींचं कापड पाहून येऊ." भर दुपार होती. शकूरच्या दारात पोचेपर्यंत आईचा चेहरा पांढरा पडला होता. चाचीनं तिच्याकडं एकदाच पाहिलं.  पडदा उचलून धरला आणि म्हणाली, "बाई, आतमधी चला."

आईनं कमरेच्या किल्ल्या सोडून माझ्या हातात दिल्या.

मी आणि भाभी बाहेर खोळींना टाके घालत बसलो. कुजबुजतसुद्धा नव्हतो. मध्ये एकदा आई ओकली. चाचीनं घमेलं मुकाट्यानं उचलून नेलं आणि धुऊन परत ठेवलं. मग आतून आईचा आवाज आला, "पाणी."

चाची थबकली. आमच्या घरातल्या कुणी त्यांच्याकडचं पाणी कधी घेतलं नव्हतं.

"आमच्या माठातलं चालंल का, बाई?"

"दे वं माय."

तीन तासांनी आई बाहेर आली. केस सारखे केले, पदर नीट घेतला आणि गौसियाभाभींच्या शेजारी बसली. "कित्येक वर्सांत अशी झोपली नव्हती मी," ती म्हणाली. भाभींनी तिचा हात हातात घेतला. दोघींचं तेच दुखणं. 

गोष्ट गावात पसरायला वेळ लागला नाही. वडिलांनी जेवताना विचारलं. आई म्हणाली, "हाव, गेली होती. पुन्हा बी जाईन."  तिसऱ्या दिवशी शकूर गाद्या घेऊन आला. बाराच्या वर एक जाड रजई होती.

"हे कायचं?" वडिलांनी विचारलं.

"अम्मानं देल्ली, मालक. बाईसाहेबांच्या खोलीच्या दाराले लावाले."

वडिलांनी रजई चाचपून पाहिली.  मग कुणाला हाक न मारता ती स्वतःच उचलून आत नेली.

आमच्या घरी पडदा लागला, तरी फार दुखलं की आई पिंजाऱ्यांकडंच जायची. पडदा खाली असताना गप्प बसायचं कसं, ते आमच्या घरात कुणाला जमलं नाही. तिथं जमायचं. चाची गेली तेव्हा आई घरचं माणूस गेल्यासारखी रडली. गौसियाभाभींचं दुखणं वयाबरोबर विरळ होत गेलं. त्यांना दोन मुली झाल्या, त्याही लग्न होऊन गेल्या. मी माहेरी गेले की त्या मला जवळ बसवून म्हणायच्या, "अर्धशिशीनं मले तरास देल्ला, खोटं कायले बोलू? पण माह्यं घर कसं हाय, हे तिनंच मले दाखवलं."

मेहकरला, सासरी, दुसऱ्या वर्षी एका दुपारी ताटातला अर्धा भात मला दिसेनासा झाला. मी घाबरले नाही. हात धुऊन सासूबाईंकडं गेले आणि सांगितलं, "मला अर्धशिशी आहे. आईलाही आहे. थोडा वेळ अंधार आणि शांतता लागेल." एवढं धीटपणे बोलायला मी पिंपळगावच्या त्या दोन खोल्यांच्या घरात शिकले होते.

 सासूबाईंनी उठून माजघराची खिडकी लावून घेतली.