नकाराची जिलेबी

घाटकोपरच्या आमच्या कॉलेजात माहिती प्रणाली शिकवणाऱ्या मॅडम शोधनिबंध छापणाऱ्या कुठल्याही जर्नलचा दर्जा एकाच प्रश्नावर ठरवतात, "चुका काढल्या का रे त्यांनी?"

माझा पहिला शोधनिबंध एका परिषदेने दोन दिवसांत स्वीकारला. घरातला पहिला पदवीधर मी, छाती फुगवून सांगायला गेलो.

"चुका?"

"एकही नाही, मॅडम."

"म्हणजे वाचलाच नाही. काढून घे, चांगल्या जर्नलला पाठव."

चिडलो, पण पाठवला. काही महिन्यांनी नकार आला, सोबत तीन पानं चुका. मॅडमनी चष्मा पुसून पुसून ती वाचली आणि अख्ख्या स्टाफरूमला जिलेबी मागवली.

"झकास धुतलंय ना तुला. बस, दुरुस्त करू."

उरलेली जिलेबी घरी नेली.

"पास झालास?" आईने विचारलं.

"नाही गं. पण कुणीतरी नीट वाचलंय."