आधी कुणाजवळ जायचं

देवळीच्या आमच्या अंगणात गाडी उभी होती. सामान चढलं होतं, नागपूरचं विमानतळ गाठायचं होतं, आणि ड्रायव्हर उगाचच आरसा पुसत बसला होता. रविवारी आमच्या पुढच्या खोलीत उपासनेला जमणारी चार-पाच घरं निरोपाला आली होती. शेजारच्या लताकाकूही होत्या. काकू बौद्ध, पण आमच्याकडे प्रार्थना सुरू झाली की त्याही हात जोडून डोळे मिटतात, आणि याचं आमच्या गल्लीत कुणालाच नवल वाटत नाही. आईने माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला वाटलं, प्रवास सुखरूप होऊ दे, परक्या देशात सांभाळ, असं काहीतरी म्हणेल. तर ही म्हणते कशी, "प्रभू, हिले अक्कल दे. हिच्याजवळची इथंच पुरत नव्हती, तिकडं तं अजून लागन."

लताकाकू खुदकन हसल्या. मी चांगली शिकलेली नर्स, आयर्लंडला नोकरीवर निघालेली, आणि चारचौघांत माझी ही शोभा! वर्धा मागे पडेपर्यंत माझा राग काही उतरला नाही.

तुमच्यापैकी जे घर सोडून गेलेत, त्यांच्याही कानात निरोपाचं काही ना काही असेलच. सांभाळून राहा, वेळेवर जेव, पोचल्यावर फोन कर. माझ्या वाट्याला अक्कल आली. आता इतक्या वर्षांनी कळतं की आईने मला तिच्याजवळचं सगळ्यात मोठं मागणं दिलं होतं. ती स्वतःसाठी रोज तेच मागायची.

आई प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. वर्गात कडक, पण देवापुढे बसली की पहिल्या बाकावरच्या पोरीसारखी व्हायची. मला कळत नाही, तू सांग, एवढीच तिची प्रार्थना. पाळकसाहेब महिन्यातून एकदा वर्ध्याहून यायचे, बाकीचे रविवार आईच चालवायची. लोक अडचणी घेऊन यायचे. आई कुणालाही लगेच उत्तर द्यायची नाही. "विचारून सांगते," म्हणायची, आणि कुणाला विचारणार ते सगळ्यांना ठाऊक असायचं.

माझा नोकरीचा कागद आला तेव्हा बाबांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. धाकटा भाऊ विनय कॉलेजात. जाऊ की नको, मला काही सुचेना. आमच्या लोकांत एक खोड आहे. डोळे मिटायचे, शास्त्र, म्हणजे बायबल, कुठेही उघडायचं आणि बोट ठेवायचं. बोटाखाली येईल ते देवाचं उत्तर. मीही बोट ठेवलं. निघाली वंशावळ, अमक्याला तमका झाला. पुन्हा ठेवलं, तर मंदिराच्या खांबांची मापं. ठेवत गेले, ठेवत गेले, शेवटी एकदाचं कुणीतरी आपला देश सोडून निघालेलं सापडलं. धावत आईकडे गेले. तिने चष्म्यावरून बघितलं.

"देवाले लॉटरीचं दुकान समजून राह्यली का? पायजे तो नंबर निघेस्तोर चिठ्ठ्या काढतं."

मग तिने तिची रीत सांगितली. आधी अक्कल मागायची. मागितली की गप बसायचं, आपलं ऐकवत राहायचं नाही. आणि त्यानंतर, आपल्या निर्णयाने ज्याचं नुकसान होणार, त्याच्याजवळ सगळ्यात आधी जायचं. "देव बहुतेक तिथंच बसला राह्यते," म्हणाली.

मी म्हटलं, माझ्या जाण्याने नुकसान तर तुझंच आहे. आई तुरीच्या शेंगा सोलत होती, ती सोलतच राहिली. रविवारी उपासना झाली, लोक गेले, आम्ही दोघी सतरंजीची घडी घालत होतो, तेव्हा म्हणाली, "मी रोज मागून राह्यली होती का तुहा व्हिसा नाई यावा. मंग वाटलं, हे मागणं नाई, हे तं तुले बांधून ठेवणं हाये. जाय तू."

कुणाच्या आईने इतकं खरं बोललेलं मी तरी ऐकलेलं नाही.

इथे आयर्लंडमध्ये, कॉर्क शहरात, चर्च मोठं आहे, दगडी, आत हीटर. लोक प्रेमळ आहेत, उपासनेनंतर चहा-बिस्किटं असतात. पण देवाच्या कृपेची साक्ष द्यायला उभं राहून कुणी बैल आजारी पडल्याचं सांगत नाही. सुरुवातीला फार चुकल्यासारखं व्हायचं. मग वॉर्डातच आईची रीत लागू पडायला लागली. एका वर्षी मला नाताळची सुट्टी हवी होती. अर्ज करण्याआधी ज्या फिलिपिनो मैत्रिणीला माझ्याऐवजी थांबावं लागलं असतं, तिच्याकडे गेले. तिची मुलं त्या नाताळला तीन वर्षांत पहिल्यांदाच भेटायला येणार होती. सुट्टी तिला गेली. मी नाताळला ड्युटी केली, आणि खोटं कशाला सांगू, आनंदाने केली.

यंदा मात्र माझी चांगली परीक्षा झाली. आई न्हाणीघरात घसरून पडली. विनय नागपूरला असतो. त्याचा फोन आला की आईला मी इकडे घेऊन येतो, आणि देवळीचं घर विकावं असा विचार आहे, तुझं काय म्हणणं? माझं डोकंच फिरलं. त्या घराकडे बघून मी इथले अंधारे हिवाळे काढते, आणि हा विकायला निघाला! वाट्टेल ते बोलले आणि फोन ठेवला. मग रोज प्रार्थनेला बसायचे आणि मागायचे एकच, हा सौदा होऊ देऊ नको.

काही आठवड्यांनी माझं मलाच ऐकू आलं, मी काय मागतेय ते. त्या दिवशी पहिल्यांदा गप बसले. मग आईला फोन लावला. म्हटलं, नुकसान तुझं होणार आहे, म्हणून तुला विचारते. घर गेलं तर तुला चालेल का?

आई म्हणाली,

"माह्यं काय नुकसान, बाई? मले माणसं पायजेत, विनय हाये, नातवं हायेत. रविवारच्या लोकाइले लताबाईनं तिचा हॉल देला. नुकसान तुहं हाये. म्हणून तं विनय आधी तुह्याजवळ आला. अजून कोणाशीच बोलला नाई तो, गिऱ्हाइकाशीबी नाई."

मला वाटत होतं, आईची अक्कल एकटी मी घेऊन निघाले. ती विनयजवळही होती, माझ्यापेक्षा जास्तच. मी खूप रडले. मग त्याला फोन केला. पलीकडून पहिलं वाक्य आलं, "ताई, तू नाई म्हणशीन तं नाई विकत."

मी हो म्हटलं.

घर गेलं. आता तिथे दुसऱ्यांचे कपडे वाळतात, लताकाकूंनी फोटो पाठवला होता. तो मी अजूनही अधूनमधून उघडून बघते. पण कुणी विचारलं, तुझं घर कुठे, तर मी अडखळत नाही. माझं दुखेल म्हणून कुणीतरी आधी माझ्याकडे येतं, ते माझं घर. सध्या ते नागपूरला विनयच्या दुसऱ्या मजल्यावर आहे, आणि तिथे एक म्हातारी रोज सकाळी माझं नाव घेऊन अक्कल मागते.